बिनकाट्याचा निवडुंग आणि दादाचा उजवा हात

सांगायला संकोच वाटतो, म्हणून पहिल्याच दमात सांगून टाकतो. मी एक झाड चौदा महिने जिवंत ठेवलं! घरात ठेवलं, कुंडीत ठेवलं आणि कुणाच्याही मदतीशिवाय ठेवलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्या शेजारच्या काकूंच्या गॅलरीत बिस्किटाच्या फुटक्या डब्यातसुद्धा फुलं येतात. येवोत बापडी! पण काकूंना त्यांच्या सख्ख्या भावाने जिन्यात उभं राहून असं कधी ऐकवलेलं नाही की, "तुझ्या हातात दिलेलं काही जगत नाही." मला ऐकवलंय.

तेव्हा आधी ते सांगतो. आख्यान रंगायचं तर थोडा पूर्वरंग लागतोच.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, धंद्याने घड्याळजी. मी पाणीपुरवठा कार्यालयात. कुठल्या भागात किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, याचं वेळापत्रक माझ्या टेबलावर ठरतं. म्हणजे बघा, देवाने एका भावाच्या हातात वेळ दिली आणि दुसऱ्याच्या हातात पाणी! दादाने आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा जपल्या. मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकलो : तक्रार आली की पाणी वाढवायचं.

आमचे वडील, अण्णा, शेवटची तीन वर्षं दादाकडे अंथरुणाला खिळून होते. दादाने आणि वहिनींनी त्यांचं सगळं सगळं केलं. अण्णांच्या हातचा एक गुलाब होता, मातीच्या कुंडीतला. हात चालत होते तोवर ते त्याची छाटणी स्वतः करायचे. अण्णा गेले. महिन्याभराने दादा ती कुंडी दोन्ही हातांत धरून माझा जिना चढून आला. म्हणाला, "त्यांचं काहीतरी तुझ्याकडेही असू दे."

त्या गुलाबाची मी काय सेवा केली म्हणून सांगू! सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी आणि ऑफिसला निघताना जाता जाता पाणी. पान पिवळं पडलं की मला वाटायचं, बिचाऱ्याचा घसा कोरडा पडला असेल. पाचव्या आठवड्यात मी कुंडी सरकवावी म्हणून खोडाला हात घातला. खोड हातात आलं. कुंडी होती तिथेच राहिली.

दादा बघायला आला. त्याने मातीत बोट टेकवलं. बोट पेरभर आत गेलं. तो दारापर्यंत गेला आणि जिन्यात वळून त्याने ते वाक्य उच्चारलं.

त्यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही पेन अडखळतं. पण देवाने ते त्याच दिवशी ऐकलंय, तेव्हा तुमच्यापासून लपवून काय उपयोग? मी म्हणालो, "अण्णा तर तुझ्याच हातात होते ना?"

दादा एकेक पायरी मोजल्यासारखा उतरून गेला. सहा वर्षं झाली त्याला.

आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माझी बायको आणि वहिनी रोज फोनवर बोलतात. मला शिंक यायच्या आधी माझी सर्दी त्या घरी पोचलेली असते. पण आम्ही भाऊ समोरासमोर आलो की रस्त्याच्या दोन कडा धरून चालायचो, अंगावर चिखल उडेल अशा धास्तीने. रोज झोपताना मी देवापुढे हात जोडून म्हणायचो, "देवा, उद्या जातो आणि माफी मागतो." देवालाही ते वाक्य पाठ झालं असणार!

मग एक दिवस मनाने घेतलं, की नुसतं तोंड घेऊन जायचं नाही. आधी या हातांनी काहीतरी जगवून दाखवायचं, मग तेच हात जोडायचे.

गेलो रोपवाटिकेत.

"मला मरणार नाही असं झाड हवंय," मी म्हणालो.

मालक उकिडवा बसून कुंड्या भरत होता. त्याने मान वर करून मला न्याहाळलं. डॉक्टर रोग्याकडे बघतात तसं नव्हे, रोगाकडे बघतात तसं.

"पाणी किती घालता?"

"भरपूर!"

"वाटलंच." तो उठला, आतून एक कुंडी घेऊन आला. "हा न्या. बिनकाट्याचा निवडुंग. पाणी घालायचं विसरलात तर जगेल. आठवण ठेवलीत तर मरेल."

काय सांगू त्याचं रूप! एकावर एक ठेवलेले हिरवेगार तळहात. प्रत्येक तळहातावर ओळीने पिवळसर टिंबं, मखमलीच्या बुट्ट्यांसारखी. आणि काटा? औषधालासुद्धा नाही! मी प्रेमाने हात पुढे केला.

"अं हं! उघड्या हाताने नाही! कायम कागदात धरायचं. कायम!" मालक ओरडला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने "का हो?" असं विचारलं असतं. पण माझा पिंड भाविक. मला कारण तिथल्या तिथे कळलं! कीर्तनात बुवांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं, की ज्याने आपले काटे टाकून दिले तो जीव अतिशय कोवळा होतो. या बिचाऱ्याने तर सगळेच टाकलेले! त्याला माणसाच्या हाताची उष्णता सोसणार कशी? माझे डोळे पाणावले. तीन पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून मी त्याला घरी आणलं.

आणि मग सुरू झाली साधना. कुंडीला तळाशी भोक. माती एक भाग, जाडी वाळू एक भाग, विटांचा चुरा एक भाग. दक्षिणेकडची खिडकी, दिवसाचं सहा तास ऊन. पाणी घालायच्या आधी काडी मातीत तळापर्यंत खुपसून बाहेर काढायची. काडीला मातीचा एक कण जरी चिकटला तरी पाणी नाही! तुम्हाला कल्पना नाही, पाणीपुरवठ्यातल्या माणसाला हा केवढा उपास आहे! हात शिवशिवायचे. पहिल्या महिन्यात मी पाण्याचा तांब्या घेऊन तीनदा खिडकीपर्यंत गेलो आणि तीनदा ते पाणी स्वतः पिऊन परत आलो.

"अहो, त्या झाडामुळे तुमची तब्येत सुधारली," ही म्हणाली.

निवडुंगाला नवे तळहात फुटले. एक, मग दोन. आधी कोवळ्या कानासारखे, मग हळूहळू रुंद. या सगळ्या काळात मी एकदाही त्याला उघडा हात लावला नाही. नेहमी कागद! मी मनाशी ठरवलं होतं, की याच्यावरून पहिला हात फिरेल तो दादाचा. बाराव्या महिन्यात मी कागदाने धरून, धुतलेल्या सुरीने एक तळहात कापला, आठ दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकू दिली आणि दादासाठी वेगळ्या कुंडीत कोरड्या वाळूमातीत उभा केला. आता मुळं धरली, एक नवा कान फुटला, की निघायचं!

नेमका त्याच सुमारास घरासमोरचा रस्ता खणला गेला. (हो, पाण्याच्या पाइपासाठीच. हो, आमच्याच कार्यालयाने. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) धूळ अशी उडायची, की चहावर साय धरल्यासारखी दिसायची. माझा निवडुंग मळला! मला बघवेना. मी एक मऊ पांढरा नॅपकिन घेतला, त्याची चार पदरी घडी केली आणि रोज संध्याकाळी दोन्ही कुंड्यांतला एकेक तळहात हळुवार पुसू लागलो. आणि घरकामात पुरुषाने हातभार लावावा या मताचा मी असल्यामुळे, तो नॅपकिन मी स्वतः उचलून धुण्याच्या मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांबरोबर टाकत असे.

चार दिवसांनी ही म्हणाली, "अहो, बघा हो, माझ्या मानेला काहीतरी टोचतंय."

बघितलं. काहीच नाही.

सहाव्या दिवशी मुलगी कॉलेजातून आली ती पाठ दाराच्या चौकटीला घासतच. "बाबा, मला वेड लागेल!"

"परमेश्वराचं नाव घे. लक्ष दुसरीकडे जाईल."

"त्याला हात असतील तर पाठ खाजवायला सांग!"

आठव्या दिवशी माझी पाळी आली. जागेचा उल्लेख करत नाही. एवढंच सांगतो, की दोन दिवस मी ऑफिसात उभ्याने काम केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, "याला म्हणतात कामाचा उत्साह!"

मग घरात शोधमोहीम सुरू झाली. साबण बदलला. पुन्हा बदलला. गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या. हिचा नवा कोरा लोकरी कोट "यातच काहीतरी असणार" म्हणून उचलून देऊन टाकला. शेजारच्या काकूंचं मांजर आमच्या सोफ्यावर येऊन बसायचं, त्याला येण्याची बंदी केली. काकूंनी मांजराच्या बाजूने आमच्याशी अबोला धरला. म्हणजे अबोल्यांची संख्या आता दोन झाली!

डॉक्टरांकडे तिघं रांगेने बसलो.

"घरात नवीन काय आणलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी छातीठोकपणे म्हणालो. वर्षभरापूर्वी आणलेली वस्तू नवीन कशी?

डॉक्टरांनी भिंग नसलेल्या डोळ्यांनी आमच्या माना तपासल्या. "काही दिसत नाही. कधीकधी हे मनाचंही असतं."

"मनाचं?" ही कडाडली. "डॉक्टर, माझं मन कमरेला आहे का?"

त्या सगळ्या हलकल्लोळात घरात एकच जीव शांत होता. खिडकीत, उन्हात, तळहात पसरून उभा. मी दोघींना म्हणायचो, "याच्याकडून शिका जरा! ना तक्रार, ना चिडचिड, ना खाज!" आणि नॅपकिन काढून त्याला पुसायचो.

असे दोन महिने गेले. धाकट्या कुंडीत नवा कान फुटला. रविवारची दुपार बघून मी इस्त्रीचा शर्ट घातला, कुंडी कागदात गुंडाळली आणि निघालो. दोन गल्ल्या, पण चालायला सहा वर्षं लागली. वाटेत वाक्य घोकत होतो : दादा, जिन्यात मी जे बोललो ते चुकलं, मला क्षमा कर. दादा, जिन्यात मी जे बोललो ते चुकलं...

वहिनींनी दार उघडलं. त्यांनी मला बघितलं, कुंडी बघितली आणि आत वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, भाऊजी आलेत." जसा काही मी कालच येऊन गेलो होतो! त्या बाईला देव उदंड आयुष्य देवो.

दादाने दुकान बंद केलं असलं तरी काम सोडलेलं नाही. खिडकीशी त्याचं टेबल. चारी बाजूंनी कडा वर आलेल्या, म्हणजे सुटा भाग घरंगळला तरी खाली पडू नये. डाव्या डोळ्यावर भिंग, हातात चिमटा, समोर काचेच्या झाकणाखाली उघडं घड्याळ. त्याने मान वळवली नाही.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. ते घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तोंडातून बाहेर काय पडावं?

"दादा, वाळू जाडी लागते."

"काय?"

"निवडुंगाला. आणि विटांचा चुरा. पाण्याचा निचरा झाला पाहिजे ना!" मग मी सुटलोच. काडी काय, ऊन काय, सावलीत सुकवलेली जखम काय! माफी सोडून जगातलं सगळं बोललो. शेवटी कागद उलगडला आणि कुंडी त्याच्यापुढे ठेवली. "चौदा महिने, दादा. मी जगवलाय. माझ्या हातांनी."

दादाने डोळ्यावरचं भिंग काढलं. झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. काहीतरी सैल झालं त्याच्या चेहऱ्यावर.

"बिनकाट्याचा आहे," मी घाईघाईने म्हणालो. "अजून मीसुद्धा याला उघडा हात लावलेला नाही. पहिला हात तुझा. फिरव, दादा, फिरव!"

दादाने चिमटा खाली ठेवला आणि उजवा हात, पूर्ण पंजा पसरून, त्या हिरव्या तळहातावरून वरून खाली फिरवला. सावकाश, दोनदा. आजारी अण्णांच्या डोक्यावरून फिरवायचा ना, अगदी तस्सा. मला हुंदका आवरेना.

"मऊ आहे रे," तो म्हणाला.

आणि मग त्याचा चेहरा बदलला! आधी भुवया वर गेल्या. मग ओठ आत गेले. मग त्याने हात उचलून डोळ्यांसमोर धरला, बोटं मिटायला गेला, आणि "आई गं!" करून उघडली.

"हे काय आहे?"

"निवडुंग!"

"ते दिसतंय! हातात काय गेलंय माझ्या?" दादा उभा राहिला. "सहा वर्षांनी दारात आलास, आणि हे घेऊन? उजवा हात आहे हा माझा! याच्यावर माझं काम चालतं! मी तुला एक वाक्य बोललो, त्याचा सूड असा उगवायचा?"

"सूड? देवाशपथ नाही, दादा! लहान मुलासारखं आहे ते झाड! त्याच्या अंगी असलं काही नाहीच! हे बघ!" आणि दादाची खात्री पटवायची म्हणून मी काय केलं असेल? दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि त्या निवडुंगावर माझा उजवा गाल घासला! आडवा, उभा, पुन्हा आडवा!

पाणी घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या.

"भाऊजी, हे काय करताय?"

"सिद्ध करतोय!"

"काय?"

ते मला सांगता आलं नाही, कारण तोवर गाल बोलायला लागला होता. असं वाटलं, की पेटलेल्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा कुणीतरी चेहऱ्यावर विझवतंय! मी हाताने गाल चोळला. म्हणजे आता हातही गेला.

दादाने डाव्या हाताने भिंग डोळ्याला लावलं आणि उजवा पंजा खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिला. राग बाजूला ठेवून त्याच्यातला घड्याळजी बोलला, "कुसळं आहेत. केसाहून बारीक. शेकडो असतील. टोकाला गळासारखी वाकडी. त्या पिवळ्या टिंबांतून निघालीत."

"उघड्या हाताने नाही, कायम कागदात," मी पुटपुटलो. रोपवाटिकेतला तो माणूस झाडाची नव्हे, माझी काळजी करत होता! चौदा महिन्यांनी माझ्या डोक्यात उजेड पडला.

"काढायला हवीत, नाहीतर उद्या बोटं मिटणार नाहीत," दादा म्हणाला. त्याने डाव्या हातात चिमटा धरून बघितला. जन्मात कधी धरला नव्हता. चिमटा नुसता थरथरला.

"आणा इकडे, मी काढते," वहिनी म्हणाल्या.

"तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

भिंतीवरची चार घड्याळं तेवढी टिकटिकत होती. दादा माझ्याकडे बघत होता. माझ्या हातांकडे बघत होता. त्याचा तो चिमटा मला माहीत होता. तीस वर्षं वहिनींनीसुद्धा त्याला फडकं लावलेलं नाही. मी मान खाली घातली. मला कळत होतं, की तो कुठलं वाक्य आठवतोय.

दादाने चिमटा माझ्यापुढे धरला. मग भिंग. मग खुर्ची ओढून बसला आणि उजवा हात, तळवा वर करून, माझ्या हातात दिला.

"ओढू नको," तो म्हणाला. "ज्या वाटेने आत गेलंय, त्याच वाटेने बाहेर आण. घाई केलीस की अर्धं आत मोडतं."

मी भिंग डोळ्याला लावलं. एक कुसळ दिसलं. चिमट्यात धरलं. श्वास रोखून त्याच्याच वाटेने बाहेर आणलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

"हं," दादा म्हणाला.

दुसरं काढलं. तिसरं काढलं. वहिनींनी माझ्या गालावर चिकटपट्टी दाबली आणि सर्रकन ओढली. मी देवाचा धावा केला, पण चिमटा हलू दिला नाही. घाम सदऱ्यात झिरपत होता. आयुष्यात इतकं जपून मी काही केलेलं नाही.

आणि एक गोष्ट लक्षात आली. भिंग लावलं की समोरचा माणूस दिसतच नाही. दिसतात त्या फक्त त्याच्या हातावरच्या रेषा. चेहरा दिसत नसला की, काय सांगू, बोलणं फार सोपं होतं.

"दादा, जिन्यात मी जे बोललो—"

हात ताठरला.

"हलू नको," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला दटावलं! "जे बोललो ते चुकलं. खोटं होतं ते. मला तेव्हाच माहीत होतं, की खोटं आहे. माझा गुलाब मेला होता, म्हणून मी हाताला लागेल ते फेकलं. क्षमा कर."

मी आणखी एक कुसळ काढलं. दोन काढली.

"तू एकदा बोललास," तो हळूच म्हणाला. "मी रोज बोलतो स्वतःला. त्यांना आणखी एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं का? शेवटच्या दिवसांत दवाखान्यात न्यायला हवं होतं का? तू बोललास तेव्हा वाटलं, बघ, यालाही तेच दिसतंय."

भिंगातलं सगळं एकदम धूसर झालं. भिंगाच्या आत पाणी साठलं की पुसता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

"दादा, ते तुझ्या हातात होते म्हणून तीन वर्षं जगले. माझ्या हातात असते तर—"

ते वाक्य वहिनींनी पुरं केलं, हातातल्या चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडत :

"तुमच्या हातात असते भाऊजी, तर दिवसातून तीनदा पाजून पाजून बुडवलं असतं!"

मग माझ्या हातातला तो पंजा गदागदा हलायला लागला. मला वाटलं, दादा रडतोय. भिंग काढून बघतो तर दादा हसत होता! मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत! सहा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"हसू नको ना! हलतोय हात!" मी ओरडलो.

"खोड हातात आलं होतं!" दादाला शब्द फुटेना. "कुंडी तिथेच!"

"आणि परवा जाऊबाईंशी बोलले," वहिनी म्हणाल्या, "तर तुमच्या घरी सगळ्यांना कसली खाज सुटलीय, डॉक्टर झाले, साबण झाले... भाऊजी, हे झाड तुम्ही पुसता कशाने?"

"नॅपकिनने."

"आणि तो नॅपकिन?"

माझ्या डोळ्यांपुढून दोन महिन्यांचं धुणं वाळत, फडफडत गेलं.

"वहिनी, तुमच्या पाया पडतो, हे हिला—"

वहिनींच्या कानाला फोन लागलेला होता.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. मी घरी पोचलो तेव्हा माझा निवडुंग खिडकीबाहेरच्या कठड्यावर हद्दपार झाला होता आणि घरातले यच्चयावत नॅपकिन कचऱ्यात होते. मुलीने कुंडीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : "याच्याकडून काहीही शिकू नये." हिने जे ऐकवलं त्यात लोकरी कोटाचा उल्लेख नऊ वेळा आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंची आणि त्यांच्या मांजराची माफी मागायला गेलो. हात रिकामे नेले.

दादाचा हात आठ दिवसांत पहिल्यासारखा झाला. त्याचा निवडुंग त्याच्या खिडकीबाहेर आहे. त्याला तीन कान फुटलेत. तो मोजून बारा दिवसांनी पाणी घालतो, अर्थात घड्याळ बघून.

त्या दिवशी माझ्या हातात शिरलेली कुसळं दादाने दुसऱ्या बैठकीत काढली, पण एक राहिलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. फार आत आहे, दादा म्हणाला, सावकाश काढावं लागेल. म्हणून दर रविवारी दुपारी मी जातो. तो भिंग लावतो, माझा हात उजेडात धरतो, चिमटा फिरवतो. मधे चहा होतो. अण्णांच्या गोष्टी निघतात. शेवटी तो मान हलवून म्हणतो, "आहे अजून. जोर केला तर मोडेल. पुढच्या रविवारी बघू." चार महिने झाले. हिने परवा चष्मा लावून माझा अंगठा उलटासुलटा केला आणि म्हणाली, "अहो, इथे काहीसुद्धा नाहीये!" मी म्हटलं, "तुला नाही दिसायचं. त्याला घड्याळजीचा डोळा लागतो."

कालच्या रविवारी मात्र जरा घोटाळा झाला. गप्पांच्या नादात मी डावा हात पुढे केला. माझ्या लक्षात आलं तोवर दादाने भिंग लावलंही होतं. त्याने हात उजेडात धरला, अंगठ्याच्या मुळाशी निरखून निरखून बघितलं, चिमट्याचं टोक अलगद टेकवलं.

"आहे अजून," तो म्हणाला.

मी हात बदलला नाही.